लांडगा घेऊ की गरुड?

प्रश्न: दादा, आम्ही कोथरूडला रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा कल्पनेतला साहसखेळ) खेळतो, ३.५ आवृत्ती. माझा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) पहिल्या लेव्हलचा आहे, सोबतीला प्राणी कुठला घेऊ? मला गरुड आवडतो पण सगळे लांडगा घे म्हणून मागे लागलेत.
– एक वाचक, पुणे

उत्तर: सगळे बरोबर बोलतायत रे! लांडग्याचा चावा लागला की लगेच फुकटात समोरच्याला पाडायचा चान्स मिळतो, आणि पडलेल्यावर जवळून वार करताना तुमच्या फायटरला (लढवय्याला) फाशावर +४, शिवाय पडलेला उठायला गेला की अजून एक फटका. गरुड टेहळणीला मस्त, पण गुहेत भुयारात उडणार कुठे? राइडिंग डॉगचं (स्वारीच्या कुत्र्याचं) चिलखत, म्हणजे बचावाचा आकडा, लांडग्यापेक्षा चांगलं, १६ विरुद्ध १४, तोही वाईट नाही, फक्त पळायला जरा कमी. चौथ्या लेव्हलला बिबट्या मिळतो (आपल्या जुन्नरवाल्यांना काय त्याचं कौतुक!) पण तेव्हा तुझ्या लांडग्याचे हिट डाइस (किती मार सोसेल ते ठरवणारे फासे) वाढलेले असतात, चुकवायची कला पण आलेली असते, आणि बिबट्या मात्र कोराच येतो. बदलायचाच झाला तर सलग २४ तास प्रार्थना लागते, ती मोहिमेच्या मधे कोण करू देणार? आणि हो, पाचवी आवृत्ती घेतलीत तर साध्या ड्रुइडला असा सोबती मिळतच नाही, आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचार.