आजीनं म्हशीचं विचारलं होतं

एका मुलीचं आलेलं पत्र थोडं कापून देते आहे, खाली माझं उत्तर. गावाचं नाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं काढलं आहे.

"मावशी, मी करवीर तालुक्यातली. मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं. आमची शेवटच्या वर्षाची परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन झाली, चार पर्यायांतला एक निवडायचा. तेव्हापासून 'कोविड बॅच' हे नाव चिकटलं ते सुटत नाही. एप्रिल २०२१ ला तालुक्याच्या कोविड सेंटरवर कंत्राटी लागले. स्वॅब घ्यायचे, ट्यूबवर नंबर टाकायचे, फॉर्म भरायचे. सप्टेंबरअखेर व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नका. अनुभवाचा दाखला दोनदा मागितला, मिळाला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये आमची आजी गेली. घरात आम्ही नऊ माणसं. काका अजून कुणी पाहुणे आले की म्हणतात, 'हिच्या ड्यूटीनं आईला नेलं.' पप्पा खाली बघतात. त्या आठवड्यात माझी टेस्ट दोनदा निगेटिव्ह आली होती, पण ते कुणी ऐकून घेत नाही. आजी ज्या दवाखान्यात होती तिथं आमच्या सेंटरचे नमुने जायचे, म्हणून एकदा मी पीपीई किट घालून आत गेलो. तिनं आवाजावरून ओळखलं. म्हशीला पेंड घातली का, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी गेली. हे मी घरी सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात शिरोली एमआयडीसीत क्यूसीच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाच्या, मुलाखतीला गेले होते. साहेब हसून म्हणाले, 'कोविड बॅच काय?' मग विचारलं, २०२१ ला काय करत होता. मी म्हटलं, घरीच होते. पप्पा म्हणतात ते सहा महिने बायोडेटातून काढ, कंत्राटी होतं, काढून टाकलेलं दिसतं, आणि स्थळं बघायला लागल्यावर तो विषय नको. सॅनिटायझरचा वास आला की अजून छातीत भरल्यासारखं होतं. ते वर्ष लिहू का नको? आणि काकांना काय उत्तर देऊ?"

पोरी, तू सबंध पत्र शाळेतल्या बाईंना दाखवायचं असल्यासारखं लिहिलंस. मी लागले, मी गेले होते, मी घरीच होते. एका ठिकाणी मात्र 'मी आत गेलो' लिहिलंस आणि खोडायचं विसरलीस. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका घरात तशाच बोलतात, मीसुद्धा बोलतो. पुण्याची माझी जाऊ त्यावर अजून हसते. त्या एका ओळीत तू घरात होतीस. म्हणून बायोडेट्याचं नंतर बघू, तिथून सुरुवात करते.

काकांना उत्तर काय द्यायचं, असं तू विचारतेस. उत्तर म्हणजे तुझ्या डोक्यात निगेटिव्ह रिपोर्ट आहे. तो कितीही वेळा दाखवलास तरी उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर तो पुरावाही नाही. तू मायक्रोबायोलॉजीची, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात, लक्षणांच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देत असतो, काहींना तर कधी काही जाणवतच नाही. टेस्टही चुकते. नऊ माणसांचं घर, रोज दोन वेळा दूध संस्थेच्या रांगेत कुणीतरी उभं राहणार, कुणी मार्केट यार्डात, कुणी नात्यातल्या साखरपुड्याला. तो जून आठवतो ना? बाकीच्या जिल्ह्यांत दुकानं उघडायला लागली होती आणि आपलं कोल्हापूर कडक निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकून पडलेलं. आजाराला घरात शिरायला दहा वाटा होत्या. तुझी त्यातली एक. कदाचित तीच असेल, कदाचित नसेल. हे आता कुणालाच शोधून काढता येणार नाही, ना काकांना, ना तुला. त्या 'कदाचित'ची तडजोड तुला तुझ्याशी करावी लागेल. मी तुला 'तुझी काहीच चूक नाही गं' असं लिहून मोकळी झाले असते, पण तुला ते पटलं नसतं. चूक आणि वाट यांत फरक आहे, एवढं मात्र पटवून घे. ड्यूटीवर जाणं ही चूक नव्हती.

आता काकांचं. माझा अंदाज सांगते, चुकत असेन तर कळव. त्यांना आजार कुणी आणला याच्याशी फारसं घेणं नसावं. त्यांची आई अँब्युलन्समध्ये बसली ती परत दिसलीच नाही. तोंडात पाणी घालता आलं नाही, खांदा देता आला नाही. दुसऱ्याच माणसांनी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लांबून दाखवून सगळं उरकलं. त्या दोन वर्षांत पंचगंगेकाठी ज्यांनी हे पाहिलं त्यांना मी काय वेगळं सांगू? अशा माणसाचं रडणं आत कुजतं आणि मग ते पाहुण्यांसमोर कुणाच्या तरी नावावर खपवलं जातं. नाव तुझं सापडलं, कारण किट घालून तू फिरत होतीस.

आणि सगळ्या घरात आजीला शेवटचं बघणारी तू एकटी. तिनं जे विचारलं ते तुझ्यासाठी नव्हतं गं. तुमच्यात म्हशीला पेंड कोण घालतं? तू लिहिलेलं नाहीस, पण पहिल्यापासून काकाच घालत असणार. एवढा ऑक्सिजन लावलेला असताना त्या बाईच्या मनात गोठा होता आणि गोठ्यात तिचा धाकटा. तो निरोप इतकी वर्षं तुझ्याकडे पडून आहे. तू तो कुणापासून लपवला असं मी म्हणत नाही. तुला वाटलं असेल, सांगितलं तर म्हणतील, 'तू आत जाऊ शकलीस, आम्हाला का नेलं नाहीस?' तसं म्हणतीलही. म्हणू देत.

एक काम करू नको. आजीचं लसीकरण राहिलं होतं का, तिला कुणी नेलं नाही, हा हिशेब काढून काकांच्या तोंडावर मारू नको. साठीच्या वरच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळत होती हे मलाही माहीत आहे, आणि किती घरांत 'ताप येतोय म्हणे' म्हणून म्हातारी माणसं थांबली हेही. त्या हिशेबात तू जिंकशील आणि काका कायमचे हरतील.

आता माझंही थोडं ऐक, म्हणजे मी मोठी शहाणी म्हणून लिहीत नाही हे कळेल. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता मी गच्चीवर उभी राहून पितळी ताट बडवलं. चांगलं पोचा येईपर्यंत. पुढच्या वर्षी आमच्याच गल्लीत एक नर्सबाई भाड्यानं राहायला आल्या. महिन्याभरात लोकांनी त्यांना 'दुसरीकडं बघा' म्हणून सांगितलं. मी सांगायला गेले नाही, पण अडवायलाही गेले नाही. दाराआडून ऐकत होते. ते ताट अजून वापरात आहे. म्हणून 'कोविड योद्धा' हा शब्द मला आवडत नाही. योद्धा म्हटलं की पगार, दाखला, पाणी प्यायला दहा मिनिटं, पाळीच्या दिवसांत किट बदलायची सोय, हे विचारायची गरजच उरत नाही. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडलेली पोरं होता, कामावर ठेवलं होतं, आणि काम संपल्यावर व्हॉट्सॲपवर घरी पाठवलं. एवढंच साधं म्हणावं.

बायोडेट्याचं थोडक्यात. ते सहा महिने लिही. पप्पांचं काळजीपोटी आहे, पण ते चुकतायत. गाळलं की भोक दिसतं आणि भोकाबद्दल प्रश्न येतोच, आलाही. लिहिताना 'योद्धा' नको, 'सेवा' नको. असं लिही: एप्रिल ते सप्टेंबर २०२१, कंत्राटी, नमुना संकलन. नाक-घशातून नमुना घेणं, व्हीटीएम ट्यूब (नमुना टिकवणाऱ्या द्रवाची), लेबल, तीन थरांचं पॅकिंग, दोन ते आठ अंशांत ठेवून लॅबला पाठवणं, एसआरएफ (नमुन्यासोबतच्या माहितीचा) फॉर्म ऑनलाइन भरणं. तू क्यूसीसाठी गेली होतीस ना? मग हे त्यांच्याच कामाचं आहे. तिथं नमुन्याचा नंबर चुकला तर माल अडकतो. तुझ्याकडे नंबर चुकला असता तर धडधाकट माणूस पॉझिटिव्ह लोकांत जाऊन पडला असता आणि आजारी माणूस घरी जाऊन जेवायला बसला असता. साहेबांना एवढं सांग. आणि पुन्हा कुणी 'कोविड बॅच' म्हणून हसलं तर सरळ म्हण, हो, परीक्षा मोबाइलवर झाली, स्वॅब मात्र प्रत्यक्षच घ्यावे लागले. पुढं एक शब्द नको. ते हसतील किंवा नाही हसणार, दोन्ही चालेल. परीक्षा कशी घ्यायची हे तुम्ही ठरवलं नव्हतं, तो वाद पार सुप्रीम कोर्टात जाऊन आला होता.

दाखल्यासाठी तोंडी जाऊ नको, दोनदा गेलीस तेवढं पुरे. लेखी अर्ज कर, पोच घे. सोबत नेमणुकीची ऑर्डर, मानधन जमा झालेलं पासबुकाचं पान आणि हजेरीचे फोटो असतील तर ते जोड. तरी हललं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या मुदतीतल्या कंत्राटी लोकांची हजेरी आणि मानधनाची नोंद माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दाखला तसा मिळत नाही, पण नोंद हातात आली की दाखला नाकारणं अवघड जातं. ३ मे २०२१ ला केंद्रानं जाहीर केलं होतं की कोविड ड्यूटीचे १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी नियमित भरतीत प्राधान्य द्यावं. तुझे दिवस १०० च्या वर जातात. त्या घोषणेवर आयुष्य टांगून ठेवू नको, तुझ्या पदाला ती लागू होते का हे जाहिरात निघेल तेव्हा बघावं लागेल. पण कागद नसेल तर बघायचाही प्रश्न येत नाही.

स्थळांचं मी काही लिहीत नाही. ज्या घराला 'ती आजी त्यातच गेली का' एवढाच प्रश्न सुचतो, तिथं तुला चहासुद्धा घ्यायची गरज नाही.

छातीत भरतं त्याकडे मात्र दुर्लक्ष नको. वर्षं उलटून गेल्यावरही वासानं तसं होणं म्हणजे वेड नव्हे, पण आपोआप जाईल म्हणून बसून राहण्यातही अर्थ नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री घरातली झोपल्यावर गच्चीवरून केलास तरी चालेल.

आणि काकांकडे जायचं ते पाहुणे नसताना, संध्याकाळी, गोठ्यात. बैठकीत नको, पप्पांच्या देखत नको. 'काका, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय' एवढंच म्हण आणि आजीनं जे विचारलं ते तिच्याच शब्दांत सांग. माफी मागू नको, रिपोर्ट काढू नको. ते चिडतील, नाहीतर काहीच बोलणार नाहीत. बोलले नाहीत तर लगेच उठून येऊ नको. धारेची वेळ असेल, कासंडी धरायला कुणीतरी लागतंच.