‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’मध्ये महत्त्वाकांक्षा आणि सदसद्विवेक यांचा विरोध कोणत्या पात्रांतून दाखवावा?

थॉमस मोर (इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातला मुत्सद्दी) आणि रिचर्ड रिच (पदासाठी धडपडणारा तरुण) ही जोडी घ्या. राजासाठी मोरला अडकवणाऱ्या क्रॉमवेललाच खलनायक ठरवून मोकळं होण्याची चूक बरेच जण करतात. रॉबर्ट बोल्टच्या या नाटकात (1960) खरी घसरण रिचची आहे.

उत्तराची सुरुवात चांदीच्या पेल्यापासून करा. पेला लाच म्हणून आला होता हे कळताच मोर तो रिचला देऊन टाकतो, त्याला मोह टाळून शिक्षक हो असंही सांगतो. रिच पेला विकून नवा झगा घेतो. पुढे तोच, पेल्याची माहिती क्रॉमवेलला पुरवतो आणि बदल्यात पद मिळवतो. प्रत्येक पायरी इतकी लहान आहे की रिच सुरुवातीला दुष्ट वाटतच नाही, आणि हे उत्तरात यायलाच हवं.

मोरला हुतात्मा व्हायची हौस आहे, असं मात्र लिहू नका. तो पक्का वकील आहे. चॅन्सेलरपद (राज्यातलं सर्वोच्च न्यायपद) सोडल्यावर तो गप्प राहतो, कारण मौनातून कायद्याने संमतीच गृहीत धरावी लागते. राजाचं दुसरं लग्न मान्य करण्याची जी शपथ सगळ्यांकडून मागितली जाते, तिच्या मसुद्याचे नेमके शब्दही तो आधी विचारतो. वाट शेवटपर्यंत शोधतो, फक्त खोटी शपथ घेत नाही.

शेवट खटल्याच्या प्रवेशावर करा. रिच खोटी साक्ष देतो आणि मोरची नजर त्याच्या गळ्यातल्या नव्या साखळीवर जाते: वेल्सच्या ॲटर्नी जनरलपदाची. खोट्या साक्षीची किंमत तिथे रंगमंचावर डोळ्यांना दिसते.