कोविडच्या लसीकरणात स्वयंसेवक म्हणून कुणी काम केलंय का? गावात रोजचा आकडा फळ्यावर लिहिल्याने लोक खरंच पुढे येतात का?

केलंय. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो, २०२० मध्ये खोली सोडून गावी आलो आणि परत जायचं राहूनच गेलं. गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. खाली गावठाण, वर तीन वस्त्या. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा उपकेंद्राच्या सिस्टर म्हणाल्या, "तुझ्याकडं चांगला फोन हाय, ये नोंदणीला बसायला." तिथून पुढचं सव्वा वर्ष बसलो.

फळ्याचं उत्तर आधी देतो. त्याने फरक पडतो, पण त्यावर काय लिहिता यावर सगळं आहे. आम्ही पहिल्यांदा जे लिहिलं त्याने नुकसान झालं.

स्वयंसेवक म्हणजे रांगेत पाणी वाटणारा असं लोकांना वाटतं. आमचं अर्धं काम ओटीपीचं होतं. कोविनवर (लशीच्या सरकारी नोंदणीच्या पोर्टलवर) तेव्हा एका मोबाइल नंबरवर चारच माणसांची नोंद व्हायची. म्हाताऱ्यांचे नंबर बंद पडलेले, किंवा सिम पोराच्या नावावर आणि पोरगं चाकणला कंपनीत. त्याला फोन लावायचा, "तुझ्या आईच्या लशीचा ओटीपी आलाय, सांग." तो मशीनवर. तीन मिनिटं गेली की ओटीपी बाद. वर नेटवर्क फक्त देवळाच्या ओट्यावर. शेवटी माझ्या, भावाच्या, आशाताईंच्या (गावातल्या आशा कार्यकर्तीच्या) आणि किराणा दुकानदाराच्या नंबरवर अर्धा गाव चढवला. तेव्हा मोठी शक्कल लढवली असं वाटलं होतं. ती पुढे कशी अंगाशी आली ते सांगतो.

उरलेलं अर्धं काम माणसं दहाच्या हिशेबात गोळा करायचं. कोविशिल्डच्या एका बाटलीत १० डोस. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकून द्यायचं, आणि फेकलेल्याचा हिशेब सिस्टरांना वर द्यावा लागायचा. त्यामुळे दुपारी चारला सहाच माणसं असली की सिस्टर बाटली उघडायच्या नाहीत. ही सहा माणसं सकाळपासून उपाशी बसलेली (सुई उपाशीपोटी घ्यायची हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक, आम्ही दर वेळी बिस्किटं चारायचो). तेवढ्यात मी मोटारसायकल काढून आणखी चार माणसं शोधायला जायचो. गिरणीवर, पारावर, हापशावर. एकदा चारातला एक माणूस सलून मधून अर्धी दाढी झालेला उचलून आणलाय.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि चित्रच पालटलं. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी याच महिन्यातली. दवाखान्यात गेलेला परत येत नाही, एवढंच लोकांनी त्यातून घेतलं, आणि लस तर दवाखान्यातच मिळते. वर अंतराचा घोळ. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी चार ते सहा आठवड्यांनी, मार्चअखेर सहा ते आठ, १३ मे नंतर बारा ते सोळा. एक आबा मला म्हणाले, "आरं, पेरणीची तारीख तर इतक्यांदा बदलत न्हाई." १ मे पासून १८ वर्षांवरच्यांना लस जाहीर झाली, पण साठाच नव्हता. काही दिवसांतच राज्याला तो गट थांबवून ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसला प्राधान्य द्यावं लागलं. ज्या पोरांना आम्ही "नाव नोंदव, नोंदव" म्हणून मागे लागून तयार केलं होतं, त्यांनाच "थांब" म्हणताना जीभ रेटत नव्हती.

आता फळा. जूनअखेर लस सुरळीत यायला लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा फळा आहे, त्यावर आम्ही रोजचा आकडा लिहायला लागलो. पंधरा दिवसांत आकडा अडला. मग मलाच सुचलं की राहिलेल्यांची नावं लावू, लाजेने तरी येतील. मतदारयादीवरून ६० वर्षांवरच्या राहिलेल्यांची नावं काढली आणि चिकटवली.

दोन चुका झाल्या. एक तर यादी जुनी होती. पाचव्या क्रमांकावर जे नाव होतं ते आबा एप्रिलमध्येच गेले होते. त्यांचा नातू दाखला आणायला पंचायतीत आला आणि त्याने ते वाचलं. काही बोलला नाही, पेन मागितलं आणि स्वतःच रेघ मारली. दुसरी चूक म्हणजे गाव. यादीत सहा नावं एकाच भावकीची होती, आणि त्या भावकीचं सरपंचाशी बांधावरून कोर्टात चाललेलं. संध्याकाळपर्यंत "मुद्दाम आमची नावं लावली" असं झालं. एका मावशीला गिरणीवर कुणीतरी "तुझ्यामुळं गावाला रोग येणार" म्हणालं. त्या मावशी सुईला घाबरत नव्हत्या. आधीपासून चालू असलेल्या एका औषधाचं त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि सुई घेताना सिस्टर "कसली औषधं चालू आहेत" असं सगळ्यांसमोर विचारतात हे त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी यादी मी स्वतः फाडली. ती सहा घरं मात्र पुढे दोन महिने आली नाहीत.

मग आशाताईंनी फळा हातात घेतला. त्यांच्याबद्दल एक आडवी गोष्ट: त्याच जूनमध्ये १५ तारखेपासून राज्यभरातल्या आशांचा संप झाला होता, आठवडाभर चालला, आणि त्यातून महिन्याला दीड हजारांची वाढ पदरात पडली. मला मात्र नोंदणीच्या कामाबद्दल तालुक्याला बोलावून प्रशस्तिपत्र आणि नारळ दिला. नारळ मी ताईंच्या घरी देऊन आलो, प्रशस्तिपत्र कुठं आहे माहीत नाही.

ताईंनी नावं काढून टाकली आणि वस्त्या लिहिल्या. प्रत्येक वस्तीपुढे राहिलेली माणसं किती, एवढाच आकडा. किती झाले ते लिहायचंच नाही, किती राहिले ते लिहायचं. शेजारी पुढची बाटली कोणत्या वारी उघडणार आणि त्यात किती जागा आहेत. फळ्यावर "वरची वस्ती १४, गुरुवार, ४ जागा" असं दिसलं की वस्तीतला कुणीतरी खाली येऊन चौघांची नावं सांगून जायचा. कोण राहिलंय हे वस्तीत सगळ्यांना ठाऊकच असतं, ते भिंतीवर लागत नाही म्हणून कुणी चिडत नाही. नावांची वही ताईंच्या पिशवीत. त्यात नावापुढे कारणही असायचं: माहेरी गेली, गरोदर, भाऊ नको म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वेळा "खाडा".

हा शब्द बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि दसऱ्यानंतर ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे जायचं. फडावर, म्हणजे उसाच्या रानात, एक दिवस पडून राहिलात तर तो खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. लशीने दोन दिवस ताप येतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. एका बाईने मला तोंडावर विचारलं, "खाडा पडला तर तू भरणार का रं?" याला मी काय उत्तर देणार? अफवा आम्ही खूप खोडल्या, नपुंसकत्वाच्या, दोन वर्षांत मरण्याच्या. पण खाड्याची भीती अफवा नव्हती, ती खरीच होती.

त्या वर्षी कारखान्यांचं गाळप १५ ऑक्टोबरला सुरू होणार होतं आणि दसराही त्याच दिवशी. राज्याने ८ ते १४ ऑक्टोबर 'मिशन कवच कुंडल' लावलं. आरोग्यमंत्री तेव्हा राजेश टोपे, शेजारच्या जालन्याचे, ऊसपट्टा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरी आमच्यासाठी तो आठवडा उशिराचा होता, कारण टोळी निघायच्या आदल्या दिवशी कुणी सुई घेत नाही. आम्ही मुकादमांना गाठून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच दोन दिवस ठरवले. म्हणजे ताप गावातच येऊन जाईल. एक मुकादम स्वतः पहिला बसला, त्याच्यामागे त्याची टोळी. दुसरा म्हणाला, "माझे लोक सहा महिने तिकडं राहत्यात, तिकडच्या सरकारला सांग." त्याचे निम्मे तसेच गेले.

दुसऱ्या डोसची तारीख ८४ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फडावर. दुसरा डोस देशात कुठेही घेता यायचा. पण तिथल्या सिस्टर आधीची नोंद शोधणार मोबाइल नंबरवरून, आणि नंबर कुणाचा? माझा. किंवा किराणा दुकानदाराचा. हीच ती शक्कल. जानेवारीत मला सांगली जिल्ह्यातून फोन, "भाऊ, ओटीपी आला का?" मी तेव्हा परीक्षेच्या हॉलबाहेर फोन जमा करून आत बसलेलो. नोंद सापडली नाही की तिकडे काही जणांची नव्याने 'पहिला डोस' म्हणून नोंद झाली. माणसाने दोन सुया घेतल्या, आणि कोविनवर तो दोन वेळा पहिला डोस घेतलेला, दुसरा डोस थकलेला. नंतर शहाणे झालो. मुकादमाची उचलीची डायरी असते, तिच्या मागच्या पानावर प्रत्येक कोयत्याचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि कोणत्या नंबरवर नोंद आहे ते लिहून द्यायला लागलो. ती डायरी मुकादम कधीच हरवत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या टक्केवारीवर माझा फारसा राग नाही आणि फारसा विश्वासही नाही. ३ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यात मराठवाड्यातले औरंगाबाद, नांदेड, हिंगोली होते, निम्म्या लोकांनाही पहिला डोस नव्हता. त्यानंतर औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन नाही असा आदेश निघाला. रांगा लागल्या, हे खरं आहे. माझा एक मित्र तिकडे पंपावर होता, त्याच्या म्हणण्यानुसार लोक लशीपेक्षा दुसऱ्याचं प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवण्यात जास्त हुशार झाले. आदेश काढणाऱ्यांवर वरून दबाव होता, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. फक्त रेशन अडवून आणलेला माणूस पुढच्या डोसला परत येत नाही, हे आम्ही त्या सहा घरांवरून शिकलो होतो.

ती सहा घरं कशी आली ते राहिलं. आशाताई त्यांच्या एका सुनेच्या बाळाचा डोस द्यायला गेल्या, पोलिओचा, नेहमीचा. घरात बसल्या, चहा घेतला, कोविडचा विषयही काढला नाही. निघताना म्हणाल्या, बुधवारी बाटली उघडतेय, दोन जागा आहेत. बुधवारी चौघं आले. सिस्टरांनी दुसरी बाटली उघडली आणि मला मोटारसायकलवर पाठवलं, आणखी माणसं आणायला.

उसाचं प्रमाण त्या वर्षी इतकं होतं की गाळप जूनपर्यंत लांबलं, टोळ्या पावसाच्या तोंडावर परत आल्या. मुकादमांच्या डायऱ्या आणि ताईंची वही समोरासमोर ठेवून आम्ही दोन दिवस नावं जुळवत बसलो. १७ जुलै २०२२ ला देशात २०० कोटी डोस झाल्याचं टीव्हीवर सांगत होते तेव्हा वरच्या वस्तीचे नऊ जण आमच्या वहीत अजून राहिलेले होते. फळा मात्र तोवर हातचा गेला होता. ग्रामसेवकाने त्यावर पाणीपट्टी थकलेल्यांची यादी लावलीय, नावानिशी. तिसऱ्या क्रमांकावर माझ्या वडिलांचं नाव आहे.