पहिला विमानप्रवास अन् सर्दीची धास्ती

ताई, सासूबाईंना घेऊन पहिल्यांदाच विमानात बसताय ना? मग 'बंद डब्यातली हवा' ही भीती आधी काढून टाका. उडत्या विमानातली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते. निम्मी बाहेरची ताजी, निम्मी हेपा फिल्टरमधून (जंतू अडवणारी अगदी बारीक गाळणी) गाळलेली. ती वरून येते आणि जवळपास त्याच ओळीत पायाशी ओढली जाते. म्हणून दहा ओळी मागे खोकणाऱ्याची चिंता नको. शेजारचा खोकला तर मात्र मास्क हवाच.

नवखे इथे चुकतात:

– मास्क विमान उडाल्यावर लावतात. अहो, खरी गर्दी सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेत आणि विमानात चढताना असते. उभ्या विमानात हवा कधीकधी नीट खेळतही नाही. तिथपासून लावा.
– डोक्यावरची हवेची जाळी गार लागते म्हणून बंद करतात. हलकीशी सुरू ठेवा, झोत तोंडासमोरून मांडीवर पडू द्या. आईंना शाल द्या, झालं.
– ट्रे न पुसता त्यावर डबा उघडतात. मी स्वतः तसंच संत्रा बर्फी खात बसायचो! आता आधी ट्रे पुसतो, मग हात.

आईंना खिडकीशी बसवा, ये-जा करणाऱ्यांशी संबंध कमी येतो.

आणि घसा सुकला की लगेच 'लागण झाली' म्हणू नका. आत आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांखाली असते, आपल्या मे महिन्यातल्या दुपारीसारखी. रिकामी बाटली न्या, तपासणीनंतर भरून घ्या, घोट घोट पाजत राहा.