रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, आता सुई लावू का?

"मॅडम, माझं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय. टीआरटी चालू करू का नको, तेवढंच सांगा."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यानं फोनवरचा रिपोर्ट माझ्यासमोर धरला. आकडा २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, ठळक अक्षरांत. वय २५, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरी, पाच वर्षं जिम, लग्नाची बोलणी सुरू. मी मनाच्या तक्रारी बघते, आणि बहिणीनं त्याला माझ्याकडं पाठवलं होतं ते वेगळ्याच कारणानं. घरात सारखी चिडचिड आणि जेवणाच्या ताटावरून आईशी भांडणं. त्याच्या मते मात्र सगळ्या दुखण्याचं मूळ त्या एका आकड्यात होतं.

हाच प्रश्न घेऊन येणारी मुलं अलीकडं वाढली आहेत. बहुतेक विशी-तिशीतली, नेटानं वजन उचलणारी. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की खाल्लेलं तुझ्या अंगी लागत नाही, कारण तुझं टेस्टो कमी आहे. म्हणून या मुलाची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकीकत लिहिते आहे.

टीआरटी म्हणजे टेस्टोस्टेरॉन रिप्लेसमेंट थेरपी. शरीर हे हार्मोन पुरेसं तयारच करत नसेल, तर ते सुईतून किंवा जेलमधून बाहेरून देतात. ते द्यायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही, ते हार्मोनतज्ज्ञाचं काम. तसं मी त्याला सांगितलं आणि मग विचारलं,

"रक्त किती वाजता दिलंस?"

"संध्याकाळी पाचला. पॅकेज होतं, घरी येऊन घेऊन गेले."

"काही खाल्लं होतंस?"

"नुकताच उठलेलो. ओट्स खाल्ले होते."

"आणि झोप?"

"चार तास. रात्रपाळी चालू होती ना."

तरुण माणसाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. खाल्ल्यावरही ते खाली येतं. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ३०० च्या खालचा आकडा कमी धरतात, पण तो दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी लवकर घेतलेल्या रक्तात, दोन्ही वेळा कमी यावा लागतो. शिवाय जोडीला लक्षणं हवीत. त्यानं दाखवला तो रिपोर्ट या कसोटीवर बसतच नव्हता. पॅकेजमध्ये ही तपासणी घालून लोकांच्या घरी संध्याकाळी रक्त काढायला माणूस पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. त्या एका ठळक आकड्यानं मुलं महिनोन्‌महिने झुरतात.

मग लक्षणांकडं वळलो. लहानपणी गालफुगी झाली होती का, अंडकोष दोन्ही खाली उतरलेले आहेत ना, दाढी कधी फुटली, वास नीट येतो का, डोकं सारखं दुखतं का, नजर अंधुक होते का. वर्कआउटआधी आणखी काही टोचून घेतोस का, हेही विचारलं. रक्तदाब घसरलेल्या रुग्णासाठीचं मेफेन्टरमाईन जिमसाठी मारणारी मुलं मी पाहिली आहेत. तो म्हणाला, नाही. शेवटी मी सरळ विचारलं, "सकाळी जाग येताना ताठरता येते का?" त्यानं मान खाली घातली. बराच वेळ गेला.

"सुट्टीला असलो की येते," तो म्हणाला.

हे उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. ग्रंथी बंद पडलेल्या माणसाला सुट्टी आणि पाळी यातला फरक कळत नाही.

त्याचा दिवस असा होता. सकाळी सातला फौंड्रीतून सुटायचं, तिथूनच जिमला, दहाला घरी, अकराला आडवं व्हायचं. घर दोन खोल्यांचं. आई ब्लाऊज शिवते, म्हणजे शेजारी मशीन चालू. तीन-साडेतीनला जाग. त्यात दहा आठवडे 'कटिंग', म्हणजे चरबी उतरवायचं कडक डाएट, चाललेलं. भाकरी बंद, भात बंद, तेल बंद, अंड्याचा पांढरा आणि उकडलेलं चिकन. ताटावरची भांडणं त्याचीच. २०११ साली शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना एक आठवडा रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसभरातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. हा चार तास झोपत होता, वर उपाशी. शरीराला अन्न कमी पडलं की ते आधी अशाच गोष्टींवरचा खर्च तोडतं.

बोलता बोलता त्यानं बॅगेतून शिंप्याची पिवळी टेप काढली. आईची, सुरुवातीचे आकडे पुसलेली. "मॅडम, बघा की, सहा महिने दंड सव्वापंधरा इंचालाच अडकलाय." माझ्यासमोर मोजला. सव्वापंधरा. पुन्हा मोजला, तेवढाच. मग टेप थोडी आवळली आणि पुन्हा पाहिलं. दिवसातून किती वेळा मोजतोस, विचारलं. "चार-पाच वेळा," म्हणाला, "कंपनीत बाथरूममध्ये पण." मित्राच्या लग्नाला तो गेला नव्हता, कारण त्या आठवड्यात अंग 'सपाट' दिसत होतं.

माझं काम इथं सुरू झालं. आपलं अंग इतरांना पुरेसं भरलेलं दिसतं आणि आपल्यालाच ते किरकोळ वाटत राहतं, या त्रासाला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. मानसविकारांच्या डीएसएम-५ या अमेरिकन सूचीत, २०१३ पासून, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे आपल्या दिसण्यात खोट आहे हा ध्यास, या विकाराचा एक प्रकार म्हणून त्याची नोंद आहे. या मुलाला तो त्रास पूर्णपणे होता असं मी म्हणणार नाही, पण तो त्या वाटेवर होता. अशा मुलाला सुई लावली तर दंड सोळा होईल, आणि मग सोळाही कमी वाटेल.

सुई सुचवली होती जिममधल्या एका मोठ्या मित्रानं. "आठवड्याला अडीचशेची एक. ही टीआरटी आहे, स्टेरॉईड नव्हे." यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. टेस्टोस्टेरॉन स्वतःच अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड आहे. आणि खऱ्या रुग्णाला साधारणपणे आठवड्याला १०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. अडीचशे म्हणजे दुपटीच्या वर.

"पण त्याला फरक पडला ना," तो अडून बसला. "म्हणजे त्याला कमी होतं, तसं मलापण असणार."

इथंच मुलं फसतात. १९९६ साली अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर एक अभ्यास झाला. काहींना दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांनी सुई घेतली आणि व्यायाम अजिबात केला नाही, त्यांचं स्नायूंचं वजन सुईशिवाय घाम गाळणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. त्यांच्यात कमतरता कुणालाच नव्हती. भरपूर डोस दिला की कुणाचंही अंग भरतं. त्यावरून आधी रोग होता असं सिद्ध होत नाही.

त्याच्या गावी बोअर आहे, म्हणून मी टाकीचं उदाहरण घेतलं. टाकी भरली की ऑटो स्विच मोटार बंद करतो. बाहेरून टँकरनं टाकी भरत राहिलास तर मोटार चालूच होणार नाही. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तशीच रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघत असते. ते बाहेरून आलं की ती अंडकोषांना निरोप धाडणं थांबवते. स्वतःचं उत्पादन बंद पडतं, अंडकोष आक्रसतात, शुक्राणू तयार होणं थांबतं. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, त्यानं छातीला गाठ येऊ शकते. रक्त घट्ट होतं. ही तुझ्यात पडणारी भर नाही, तुझ्या स्वतःच्या ग्रंथीची जागा घेणं आहे, आणि 'रिप्लेसमेंट' शब्दात तेच लिहिलंय.

"जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला," मी म्हणाले. "पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं. कशासाठी, माहीत आहे? मूल होऊ नये म्हणून. गर्भनिरोधक म्हणून. जवळजवळ दोन तृतीयांश जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही."

लग्नाची बोलणी चाललेल्या त्या मुलानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मी औषधाच्या विरोधात नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगा 'लाजाळू आहे, लग्नाला नको म्हणतो' म्हणून आला होता. वीस उलटली तरी दाढी नाही, आवाज कोवळा, आणि लहानपणापासून कसलाच वास येत नव्हता. हार्मोनतज्ज्ञांनी निदान केलं कालमन सिंड्रोमचं. म्हणजे मेंदूकडून निरोपच जात नाही. उपचारानं त्याचं आयुष्य उभं राहिलं. क्लाइनफेल्टरसारखा जन्मजात दोष, पिट्युटरीची गाठ, कर्करोगाचे उपचार यांतही गरज असू शकते. अशा मुलांनी भीतीपोटी उपचार टाळू नयेत, हेही मी तितक्याच कळकळीनं सांगते.

या मुलाला मी हार्मोनतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी तपासलं, तीन आठवडे दिवसपाळी मागून घ्यायला आणि पोटभर खायला सांगितलं. त्याच्या आईला बोलावून घेतलं तेव्हा तिला धक्काच बसला. आपल्या मशीनमुळं पोराची झोप मोडते, हे तो कधी बोललाच नव्हता. तिनं त्याच दिवशी मशीन शेजारच्या बाईंच्या पडवीत हलवलं. टेपचं आम्ही असं ठरवलं की ती आईकडं राहील आणि दंड महिन्याच्या एक तारखेला, एकदाच मोजायचा. पहिले आठ दिवस त्याला फार जड गेले. हाताला चाळा लागल्यासारखा बोटांनी वीत घालून दंड मोजायचा. ते तो लपवत नव्हता, येऊन सांगायचा, यातच मला आशा वाटली.

सकाळी आठला, उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात आकडा आला ४३१. आठवड्यानं पुन्हा, ४१८. "म्हणजे नॉर्मल, पण जास्त नाही," तो थोडा खट्टू झाला. ४३० चे ७०० झाले म्हणून दंडात फारसा फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी त्याला समजावलं. त्यांचं ऐकलं त्यानं. भाकरी ताटात परत आली.

चौथ्या महिन्यात तो आला, तेव्हा एकटा नव्हता. "मॅडम, बाहेर एकजण बसलाय. आत यायला लाजतोय." तोच अडीचशेवाला मित्र. रुंद खांद्यांचा, तीस वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेला. दीड वर्ष सुई घेतली, तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्याच मनानं बंद केली. तेव्हापासून अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, कशाचीच इच्छा नाही, आणि घरी मूल कधी म्हणून विचारणा सुरू झालेली. रडण्याची त्याला सवय नव्हती, ते दिसत होतं.

सुई थांबवल्यावर मोटार पुन्हा चालू व्हायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. काहींची पूर्ववत होत नाही. तिला चालना देणारी औषधं असतात, ती हार्मोनतज्ज्ञच देतात. हे मी काही न लपवता सांगितलं. दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन दिली. जीव नकोसा होतो का, असंही विचारलं, कारण या काळात ते विचारायलाच हवं. तसं नाही म्हणाला.

"बायकोला सांगितलंय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिला वाटतं, दोष तिच्यात आहे. तिची सोनोग्राफीही होऊन गेली होती.

"मग आधी ते," मी म्हणाले. "इथं, माझ्यासमोर सांगितलंस तरी चालेल."

पुढच्या गुरुवारी दोघं आली.