विळीची वाकळ, पण विळी दिसायला नको

प्रश्न : भिंतीवर लावायला तीन फूट बाय चार फुटांची वाकळ शिवायची आहे, विषय आमची विळी. चित्र काढलं तर ते भांड्यांच्या दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. अमूर्त कसं करायचं? पात्याच्या गोलाईवर शिवणीला चुण्या पडतात, त्याचं काय? पिवळ्यासाठी हळदीत रंगवलेलं मांजरपाट चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाट, पातं आणि खवणी तिन्ही पूर्ण दाखवलीत की ते चित्रच होणार. धारेला पुठ्ठा लावून विळी मोठ्या कागदावर आडवी ठेवा आणि भोवतीनं रेघ ओढा. मग पुठ्ठ्यात ६ बाय ८ इंचांची खिडकी कापून ती रेघांवरून फिरवा. आकार खिडकीच्या निदान तीन कडांना भिडेल तिथं थांबा. पातं आणि पाट यांच्यामधली पोकळी पाहा, विळीचा सगळ्यात सुंदर आकार तोच आहे. खवणीचे दाते सोडून द्या, ते आले की लगेच विळी ओळखू येते.

खिडकीतल्या भागावर एक इंची चौकटी आखा, ४८ होतील. खाकी कागदावर प्रत्येक चौकट ६ इंचांची करून रेघा उतरवल्या की वाकळीचं माप आपोआप येतं. तुकडे बारा-पंधराच्या वर नेऊ नका. प्रत्येकावर क्रमांक, उभ्या धाग्याचा बाण आणि जोडाच्या खुणा करा. कागद सुलटा ठेवून कापडाच्या उलट बाजूवर कापलात तर अख्खी आकृती डावी-उजवी होते, हे कापड वाया गेल्यावरच कळतं. पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या रेघेबाहेरचं जादा कापड, कापताना सोडा.

चुण्या का पडतात? खोलगट तुकड्याची कापलेली कड शिवणीच्या रेघेपेक्षा आखूड असते, फुगीर तुकड्याची लांब. म्हणून खोलगट कडेला दर अर्ध्या इंचावर बारीक कट द्या. कट मायेच्या निम्म्यापर्यंतच, शिवणीला लागला तर तिथं फाटेल. आधी मध्ये टाचणी, मग दोन्ही टोकांना, मग अधेमधे. खोलगट तुकडा वर ठेवून सावकाश शिवा.

रंग गडद, मध्यम, फिका असे तीन पुरेत. मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन कापडं त्यात एकसारखी दिसली तर एक बदला, नाहीतर लांबून पातं पार्श्वभूमीत विरून जाईल.

हळदीचं कापड मात्र नको. हळदीचा रंग तुरटी लावूनही उजेडानं विटतो आणि साबण लागला की लालसर होतो. विकतचं पिवळं सुती घ्या, पांढऱ्या चिंधीबरोबर कोमट पाण्यात भिजवा. चिंधी पांढरीच राहिली तर वापरा. सगळीच कापडं आधी धुऊन घ्या, नवं सुती आटतं. नायलॉनची साडी मिसळू नका, इस्त्रीखाली आक्रसते.

आत जुन्या सुती पातळाचे दोन थर घाला. अस्तर आणि आतले थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवा. चार-चार इंचांवर कच्चे टाके घालून धावदोरा मधून सुरू करून कडेकडे न्या, म्हणजे फुगवटा बाहेर सरकतो. दोऱ्याच्या ओळी पात्याच्या वळणाला धरून अर्ध्या-अर्ध्या इंचावर घाला. इथं घाई नको, साध्या कापडावर तीच वळणं सावली धरतात.

टांगायला मागे वरच्या कडेला चार इंच रुंद कापडी नळी शिवा. दांडी तिच्यातून जाईल आणि वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जाईल. नुसत्या कोपऱ्यांना लूप लावलेत तर मधली कड झोळीसारखी लोंबते.