समाजवाद वरून की खालून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या विषयावर येणारी पत्रं वेगवेगळ्या हातांची असतात, गोंधळ मात्र एकच असतो. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांचा प्रश्न दिसत नाही त्यांनी शेजारच्या उत्तरात डोकावावं, बहुधा तिथे सापडेल.

प्रश्न : 'वरून समाजवाद' आणि 'खालून समाजवाद' ही विभागणी मार्क्सने केली का?

नाही. 'वरून' म्हणजे मूठभर शहाण्यांनी लोकांना आणून दिलेला समाजवाद, 'खालून' म्हणजे लोकांनी स्वतः लढून मिळवलेला. या शब्दांत ही विभागणी रूढ केली हॅल ड्रेपर या अमेरिकन समाजवाद्याने, १९६६ साली.

प्रश्न : आमच्या क्लासच्या नोट्समध्ये दोन रकाने आहेत. मार्क्स, लेनिन आणि फेबियन (इंग्लंडमधले सनदशीर समाजवादी) 'वरून'च्या रकान्यात, अराजकतावादी (राज्यसंस्थाच नको म्हणणारे) 'खालून'च्या. हे पाठ करायचं का?

गुणांसाठी पाठ करायचं की नाही, ते तुमच्या प्राध्यापकांना विचारा. समजून घ्यायचं असेल, तर रकाने खोडा. पहिल्या इंटरनॅशनलची, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, नियमावली १८६४ साली मार्क्सनेच लिहिली आणि तिची सुरुवातच अशी आहे की कामगारवर्गाची मुक्ती कामगारवर्गानेच मिळवायला हवी. १८७९ मध्ये जर्मन समाजवादी पक्षातल्या काही सुशिक्षितांनी कामगार अजून तयार नाहीत, त्यांना वरच्या थरातल्या भल्या माणसांनी सोडवावं, असा सूर लावला. तेव्हा मार्क्स आणि एंगल्स यांनी अशा लोकांबरोबर आपण चालू शकत नाही, असं पक्षनेत्यांना लेखी कळवलं.

अराजकतावाद्यांचं म्हणाल, तर त्यांचा मोठा नेता बाकुनिन याचा बंडखोर शेतकरी-कामगारांवर मोठा विश्वास होता, पण त्या बंडाला दिशा देण्यासाठी गुप्त मंडळीही हवी होती. कुणालाही न दिसणारी, म्हणून कुणालाही न काढता येणारी. हे कुठल्या रकान्यात बसवणार? नोट्स विकणाऱ्यांना रकाने सोयीचे पडतात, कारण ते एका पानात मावतात.

प्रश्न : 'कामगार अडाणी आहेत, त्यांना समाजवाद शिकवावा लागतो' असं लेनिनने लिहिल्याचा संदेश फिरतो आहे. खरं आहे का?

फिरणाऱ्या संदेशाखाली ग्रंथ, वर्ष आणि पान नसेल, तर तो तिथेच थांबवावा. लेनिनचा १९०२ मधला दावा वेगळा आहे. केवळ स्वतःच्या बळावर कामगार संघटना बांधण्यापर्यंत, मालकाशी झगडण्यापर्यंत पोहोचतात आणि समाजवादाचा सिद्धान्त मात्र सुशिक्षित वर्गातल्या विचारवंतांकडून आला, असं तो म्हणतो. त्यासाठी तो जर्मन पक्षाचा त्या वेळचा सर्वांत मोठा सिद्धान्तकार कार्ल काउत्स्की याचा उतारा देतो. म्हणजे ही लेनिनने एकट्याने काढलेली कल्पना नव्हे.

पुढे १९०५ मध्ये पीटर्सबर्गला संपाच्या लाटेतून कामगारांचं सोविएत, म्हणजे त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची परिषद, उभं राहिलं. कुठल्याही पक्षाने ते आखलेलं नव्हतं आणि तिथल्या बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्याच गटाला, सुरुवातीला ते रुचलंही नव्हतं. त्या वर्षी याच लेनिनने कामगारवर्ग उपजतच समाजवादी वृत्तीचा असल्याचं लिहिलं आणि पक्षाची दारं कामगारांना उघडायला सांगितली. दोन्ही उतारे अस्सल आहेत. खरा लेनिन कोणता, हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे, तो एका संदेशात मिटणार नाही. दोन्ही बाजूंचा निदान एकेक अभ्यासक वाचा.

प्रश्न : फेबियन तर सनदशीर आणि बोल्शेविक क्रांतिकारी. दोघांना एकाच 'वरून'खाली का घालतात?

कारण सत्तेकडे जायचा रस्ता वेगळा असला, तरी सामान्य माणसाकडे बघायची नजर बरीच सारखी होती. लंडनमध्ये १८८४ साली सुरू झालेल्या फेबियन सोसायटीत सिडनी आणि बिआट्रिस वेब यांचा भर तज्ज्ञांवर, आकडेवारीवर आणि कारभारात हळूहळू शिरण्यावर होता. सोविएत साम्यवादावरच्या त्यांच्या १९३५ च्या जाडजूड ग्रंथाच्या नावात 'नवी संस्कृती?' असं प्रश्नचिन्ह होतं. १९३७ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं गेलं, तेव्हा मॉस्कोत स्तालिनच्या विरोधकांवर गाजावाजाने खटले चालू होते! तरीही सगळ्या फेबियनांना एका दावणीला बांधू नका. कारखान्याचा कारभार कामगारांच्या हाती मागणारा जी. डी. एच. कोलही त्याच सोसायटीतून पुढे आला होता.

प्रश्न : खालून म्हणजे नेताच नको, असंच ना?

नाही. नेता नाही असं जाहीर केलं की न निवडलेला नेता तयार होतो. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबाबत स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिलं आहे.

प्रश्न : शत्रू चहूबाजूंनी असताना निवडणुका आणि चर्चा परवडत नाहीत. आधी सत्ता पक्की करावी, लोकशाही नंतर देता येते. यात चूक काय?

हा प्रश्न मला दर वेळी अस्वस्थ करतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यावर संविधान सभा निवडून आली, तिच्यात बोल्शेविकांना सुमारे पाव मतं होती. जानेवारी १९१८ मध्ये तिची एकच बैठक झाली आणि सभा विसर्जित केली गेली. यादवी, परकी सैन्यं, उपासमार ही संकटं खरी होती. त्या वर्षी जर्मन तुरुंगात बसून लिहिताना क्रांतिकारी समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग हिने ती मान्यही केली. तिचा आक्षेप असा होता की नाइलाजाने केलेल्या गोष्टीचा सिद्धान्त बनवू नका. समाजवादी लोकशाही ही इमारत पुरी झाल्यावर वाटायची बक्षिसी नाही, पायाभरणीबरोबरच ती सुरू झाली पाहिजे. नाहीतर सार्वजनिक जीवन सुकतं आणि हलती राहते फक्त नोकरशाही.

आता 'नंतर'चं काय झालं ते पाहा. मार्च १९२१ पर्यंत यादवी जवळजवळ जिंकलेली होती. तेव्हा क्रोन्श्टाट या रशियन नौदल तळावरच्या नौसैनिकांनी गुप्त मतदानाने सोविएतांच्या नव्या निवडणुका मागितल्या, आणि कामगार-शेतकऱ्यांना व डाव्या पक्षांना बोलायची मोकळीक मागितली. उत्तरादाखल बर्फावरून फौज गेली. त्याच महिन्यात बोल्शेविक पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. आधी विरोधकांची सभा गेली, मग इतर समाजवादी पक्षांची जागा आणि शेवटी स्वतःच्याच सभासदांचा आवाज. संकट ओसरलं, बंदी राहिली.

यात कुणाची दुष्टबुद्धीच असावी लागते असं नाही. जो लोकशाही पुढे ढकलतो त्याच्या हाती नेमणुका, शिधा आणि पोलीस येतात, आणि ढकलत राहण्यात त्याचा फायदा तयार होतो. ज्यांनी ती मागायची त्यांची मागायची सवय मोडते. 'परिस्थिती अजून अनुकूल नाही' हे ठरवायचा अधिकारही ढकलणाऱ्याकडेच असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पॅरिस कम्यून म्हणजे पॅरिसच्या बंडखोर कामगारांचं नगरसरकार. त्यासाठी शत्रूच्या फौजा उंबरठ्याशी असताना, सत्ता हाती आल्यावर आठ दिवसांत, २६ मार्च १८७१ ला मतदान झालं. कम्यूनने अधिकाऱ्यांच्या पगाराला वर्षाला ६,००० फ्रँकची कमाल मर्यादा घातली. (स्त्रियांना मत नव्हतं, हे कौतुक करणारे विसरतात.) आणि बंडाची सूत्रं हाती असलेल्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या केंद्रीय समितीने सत्ता फार लवकर सोडली, फ्रेंच सरकार जिथे पळालं होतं त्या व्हर्सायवर चाल करायची संधी घालवली, असं मार्क्सनेच एप्रिलमधल्या पत्रात म्हटलं. मे संपायच्या आत कम्यून रक्तात बुडालं. लोकशाही आधी घेतली की विजय हमखास, असं मी म्हणत नाही. पण 'नंतर' म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : कधी, ते कोण ठरवणार, आणि तोवर तुम्हाला काढायचा अधिकार कुणाला? उत्तर मिळालं नाही, तर मत देऊ नका, पाठिंबाही देऊ नका.

प्रश्न : आमच्या कामगार संघटनेत तेच पदाधिकारी वर्षानुवर्षं आहेत. मिखेल्सच्या 'अल्पजनसत्तेच्या पोलादी नियमा'प्रमाणे हे अटळच आहे का?

रॉबर्ट मिखेल्सने १९११ मध्ये प्रामुख्याने जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्ष पाहून तो नियम मांडला : कुठलीही संघटना शेवटी मूठभरांच्या हाती जाते. निरीक्षण तीक्ष्ण आहे. पगारी पदाधिकारी, माहितीवरची पकड, सभासदांची उदासीनता, हे सगळं त्यात येतं. पण नियम म्हणवला म्हणून तो गुरुत्वाकर्षण होत नाही. तो स्वतः नंतर इटलीत फॅसिस्ट पक्षात गेला, हेही लक्षात असू द्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर संघटनेची घटना मागवा. निवडणूक कधी व्हायला हवी होती, अविश्वासाची तरतूद काय, हिशेब कुणाला पाहता येतो, ते वाचा आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. मुदती निघून जातात, म्हणून पुढच्या सभेपर्यंत थांबू नका. माझ्या उत्तराच्या जोरावर कुणावर आरोप मात्र करू नका.

प्रश्न : युगोस्लाव्हियात कामगार परिषदा होत्या. तो 'खालून' समाजवाद मानावा का?

अर्धामुर्धा. परिषदा १९५० च्या कायद्याने, म्हणजे वरून आल्या. कारखान्यात मत होतं, देशात मात्र एकच पक्ष. त्या पक्षाच्या मक्तेदारीवर बोट ठेवणाऱ्या मिलोव्हान जिलास या त्याच पक्षाच्या नेत्याला १९५४ मध्ये केंद्रीय समितीतून काढलं.

प्रश्न : 'समाजवाद सात दिवसांत' असा सारांश-पुस्तकांचा संच सवलतीत मिळतो आहे. घेऊ का?

नको. त्याऐवजी लक्झेंबर्गची १९१८ ची रशियन क्रांतीवरची पुस्तिका घ्या, छोटी आहे. तिच्या खुनानंतर तिचा सहकारी पाउल लेव्ही याने ती १९२२ मध्ये छापली. पहिल्या पानापासून वाचा. तिथे बोल्शेविकांच्या धाडसाची मनापासून स्तुती आहे आणि टीकेची वाक्यं सुटी करून विकणारे नेमका तोच भाग गाळतात. हाती येईल तो अनुवाद पूर्ण आहे की निवडक, हे विकत घेण्याआधी ग्रंथपालांना विचारून घ्या.